चित्राची जमीन

मराठीत ‘जमीन’ हा शब्द केवळ शेतापुरता नाही. लुगड्याला जमीन असते, शालीला असते, चित्रालाही असते. काठ, पदर, वेलबुट्टी ही सारी ज्या रंगावर उठून दिसतात तो मूळचा रंग म्हणजे जमीन. आरमोरीकडे विणल्या जाणाऱ्या कोशाच्या कापडाला ही जमीन रानातूनच मिळते. मधासारखी पिवळसर, रंगाऱ्याने हात लावण्याआधीचीच. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या शब्दाला आणखीही वजन आहे. ते कोणते, हे पुढे ओघाने येईलच.

आज आम्ही ज्या विषयाला हात घालीत आहो तो वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. संगणकावर अक्षरे जुळवून स्लाईडची मालिका करावयाची, आणि तीत एखाद्याच स्लाईडची जमीन इतरांहून वेगळी ठेवावयाची. ती का ठेवावी आणि कशी ठेवावी, एवढाच तो प्रश्न. आज हे काम एका आज्ञेत होते. परंतु या प्रश्नाचे वय संगणकाहून पुष्कळच अधिक आहे. कथा सांगणाऱ्याने प्रथम चित्र पुढे धरले त्या दिवसापासून, चित्रामागे काय ठेवावे, हा विचार त्याला करावा लागला आहे. तेव्हा थोडे मागे जाऊनच सुरुवात केलेली बरी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली. सुट्या कागदांवर काढलेल्या चित्रांची ‘पोथी’ पुढ्यात ठेवावयाची, एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरावयाचे आणि त्याच्या आधाराने रामायण-महाभारतातील आख्यान गाऊन सांगावयाचे, असा हा प्रकार. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. राक्षस, रथ, घोडे, राजे यांचे रंग ठसठशीत असतात; त्यांच्या मागे मात्र बहुधा कागदच मोकळा राहिलेला असतो. आकाश नाही, डोंगर नाही. देश, काल आणि हवा गाणाऱ्याच्या शब्दांतून यावयाची. पोथीतील प्रत्येक पान ही एकेक स्लाईडच म्हणा ना! आणि सर्वांची जमीन एकच, कागदाची.

आमच्या झाडीपट्टीतही आरंभ असाच झाला. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा पूर्वेकडील दाट झाडीचा मुलूख. (यांपैकी गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपुरातून वेगळा निघाला.) येथील दंडार हा प्रकार मोकळ्या जागेत, लोकांच्या मधोमध रंगावयाचा. तिला मागचा पडदा नव्हता. सोंग आले की तेच सांगणार, मी कोण आणि कोठे उभा आहे ते. पुढे मराठी संगीत नाटकाचे वारे या मुलुखात आले आणि त्याबरोबर पडदे आले. राजवाडा, रस्ता, बाग, जंगल, गरिबाचे घर असे रंगविलेले पडदे एकामागे एक टांगलेले. प्रवेश बदलला की दोर ओढावयाचा, एक वर, दुसरा खाली. दंडारीत जे शब्दाने होत होते, ते आता रंगाने होऊ लागले.

या रंगभूमीचा पसारा लहान नाही. देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा, हे तिचे ठाणे. धान निघाले, दिवाळी झाली, मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री उभे राहते आणि तांबडे फुटेपर्यंत चालते. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५,००० वर प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. या नाटकांची एक रीत आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. गावकरी प्रेक्षकांसाठी शेतात जागा खणून तिला रंगमंचाकडे उतार देतात, म्हणजे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पुढच्याच्या पागोट्याआडून मान काढावी लागत नाही. नाटकासाठी जमीन खणणारी ही माणसे आणि चित्रामागे जमीन रंगविणारा पडदेवाला यांचा हेतू एकच: मागे बसलेल्याला दिसले पाहिजे.

पडद्याचे व्याकरणही या लोकांनी आपोआप पाळले. बागेचा पडदा प्रेमाच्या प्रवेशाला, जंगलाचा वनवासाला. ज्या गावाच्या वेशीपासून खरे जंगल सुरू होते, तेथे रंगविलेले जंगल कशाला, असे कोणी विचारील. पण रात्री दिव्याच्या उजेडात तो हिरवा पडदा खाली आला की प्रेक्षकाला कळते, राजा आता राज्याबाहेर पडला. त्या हिरव्याचे काम झाडे दाखविण्याचे नाही, स्थिती बदलली हे सांगण्याचे आहे. आणि म्हणूनच तो पडदा प्रत्येक प्रवेशाला टाकून चालत नाही. दर पाच मिनिटांनी पडदे बदलणाऱ्या मंडळीचे नाटक पाहताना प्रेक्षकाचे लक्ष दोरांकडे जाईल, पात्रांकडे नव्हे.

आता पडद्यावरून काचेकडे वळू. कारण स्लाईड हा शब्द आला तो काचेबरोबर. युरोपात सतराव्या शतकाच्या मध्यास जादूचा कंदील निघाला. त्याचे श्रेय सामान्यतः डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यास देतात, आणि साल १६५९ च्या आसपासचे. काचेवर चित्र रंगवावयाचे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर ते चित्र मोठे होऊन पडावयाचे. १७९८ साली पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने या कंदिलाचे भुताखेतांचे खेळ सुरू केले. त्याची युक्ती काय होती? काचेवरील आकृतीभोवतीची सारी जागा त्याने काळ्या रंगाने भरून टाकली. परिणामी पडद्यावर चौकोन दिसेना. केवळ आकृती अंधारातून वर आल्यासारखी दिसू लागली आणि बायाबापड्या किंचाळू लागल्या.

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घ्यावयास हवी, कारण पुढचा सारा विचार तीवर उभा आहे. कागदावर काळा रंग ही एक वस्तू असते, शाई असते. कंदिलाच्या पडद्यावर काळा असा काही रंग नसतो. जेथे प्रकाश पोहोचला नाही ती जागा म्हणजे काळी. पडद्यावरची जमीन प्रकाशाची बनलेली असते, किंवा प्रकाशाच्या अभावाची. म्हणून तिचा रंग केवळ चित्रकाराच्या हाती राहत नाही. ती खोली किती अंधारी आहे यावरही तो ठरतो.

आपल्याकडे हा कंदील मराठमोळा केला तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी. त्यांनी त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त संस्कृत नाव दिले. मायावी शंबरासुराची आठवण त्या नावात आहे. १८९० नंतरच्या दशकात पटवर्धन पितापुत्रांनी काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे खेळ गावोगाव केले. पौराणिक आख्यान, निवेदन आणि बदलती चित्रे, असा हा थाट होता. पिंगुळीच्या पोथीचा आणि या काचांचा सांधा कोणासही दिसेल असा आहे. फरक एवढाच की, पोथीची जमीन दिवसाच्या उजेडात चालत होती, काचेची रात्रीची वाट पाहत होती.

विसाव्या शतकात काचेची जागा फिल्मने घेतली. १९३५ साली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म निघाली आणि पुढे दोन इंच चौकटीतील लहान स्लाईड शाळा-कॉलेजांत, वैद्यकांच्या परिषदांत रुळली. त्या काळच्या परिषदा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना निळ्या जमिनीवरील पांढरी अक्षरे आठवत असतील. डायझो नावाच्या प्रक्रियेने ती निळी स्लाईड तयार होत असे. अंधाऱ्या दालनात तासभर पांढरा झगझगीत चौकोन पाहून डोळे शिणत. पांढऱ्या जमिनीवर धुळीचा कणही ठिपक्यासारखा दिसे. गडद निळ्यावर ही दोन्ही दुखणी कमी होत. पण ती निळी जमीन ठरली की ठरली. एका स्लाईडचा रंग बदलावयाचा तर ती स्लाईड पुन्हा करून घ्यावी लागे, आणि तिला वेळ व पैसा दोन्ही लागत. एकरंगीपणा हा त्या काळी अभिरुचीइतकाच खर्चाचाही भाग होता.

हा खर्च संगणकाने पुसून टाकला. १९८७ साली पॉवरपॉईंट बाजारात आले ते मॅकिंटॉश संगणकासाठी, आणि केवळ काळ्या-पांढऱ्यात. रंग त्याला पुढच्या वर्षी मिळाला. मग काय विचारता! दशकभरात निळ्यातून जांभळ्यात उतरणाऱ्या, ढगांच्या, संगमरवराच्या जमिनी सर्वत्र पसरल्या. दोर ओढणे फुकट झाले आणि पडदे सारखे वर-खाली होऊ लागले.

याच सुमारास दुसऱ्या एका वाटेने अक्षरजुळणीवाल्यांची स्लाईड येत होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड कनुथ यांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत. तेव्हा १९७७ साली त्यांनी स्वतःच संगणकाकरवी अक्षरे जुळविण्याची व्यवस्था रचावयास घेतली. तिचे नाव टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तीवर लाटेक ही सोयीची मांडणी उभी केली. लाटेकबरोबर स्लाईडसाठी स्लायटेक नावाचा वेगळा भाग होता, आणि त्यात रंगाची तऱ्हा पाहण्याजोगी होती. छपाई काळी-पांढरी, म्हणून लेखकाने तांबडा आणि निळा असे दोन रंग सांगितले की यंत्र प्रत्येक रंगासाठी निराळे पान काढून देई. ती पाने त्या त्या रंगाच्या पारदर्शक फिल्मवर उतरवून एकावर एक ठेवावयाची, की रंगीत स्लाईड तयार. साडी छापणाऱ्या ठशेवाल्याला ही रीत सांगितली तर तो हसून म्हणेल, आम्ही दुसरे काय करतो?

२००३ साली टिल टँटाऊ या जर्मन संशोधकाने आपल्या पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी लाटेकवर चालणारी एक नवी व्यवस्था केली. जर्मन बोलीत प्रोजेक्टरला बीमर म्हणतात. तेच नाव तिला पडले. गणित, भौतिकी, संगणक या विषयांचे अभ्यासक आज जगभर ती वापरतात. २०११ साली गडचिरोलीस मुख्य ठाणे ठेवून गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, ते याच दोन जिल्ह्यांसाठी. येथील विद्यार्थ्यालाही ही व्यवस्था फुकट मिळते, आणि तीत एका स्लाईडची जमीन कशी बदलावयाची, हा प्रश्न त्याला केव्हा ना केव्हा पडतोच.

तेथील रीत थोडक्यात सांगतो. बीमर प्रत्येक स्लाईडच्या मागे दोन थर मानतो. सर्वांत खाली ‘कॅनव्हास’, म्हणजे संपूर्ण पान व्यापणारी रंगीत जमीन. तिच्यावर दुसरा थर, ज्यावर रेघा किंवा जाळी काढता येते. अक्षरे त्याच्याही वर. ग्रंथाच्या आरंभी कॅनव्हासचा रंग सांगितला की तो सर्व स्लाईडना लागू होतो. एखाद्याच स्लाईडसाठी तो हवा असेल तर ती रंगाची आज्ञा आणि ती स्लाईड ही दोन्ही मिळून एका महिरपी कंसात घालावयाची. कंस मिटला की आज्ञेचा अंमल संपला. पुढच्या स्लाईडला मूळची जमीन परत मिळते. कंस घालावयाचे विसरले तर तो रंग पुढच्या साऱ्या स्लाईडवर पसरत जातो; वनवास संपला तरी जंगलाचा पडदा वर जात नाही, तशी गत. दुसरी गोष्ट, आज्ञा स्लाईड सुरू होण्यापूर्वी द्यावी लागते. आत शिरल्यावर दिलेली आज्ञा जमिनीपर्यंत पोहोचत नाही. पात्र येण्यापूर्वी पडदा पडलेला असावा, हे झाडीपट्टीतील कोणत्याही पडदेवाल्याला ठाऊक आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जमीन बदलली म्हणून अक्षरांचा रंग आपोआप बदलत नाही. काळी अक्षरे काळसर निळ्यावर तशीच राहतात आणि वाचणारा डोळे चोळतो. शीर्षकाची पट्टी आणि तळपट्टी यांचेही रंग वेगळे सांगावे लागतात.

रंग फिका करण्याची सोयही तेथे आहे. निळा २० टक्के, उरलेला पांढरा, असे सांगितले की तशी मिसळ मिळते. रंगारी वाटीत पाणी वाढवतो, तोच हा हिशेब.

अक्षर आणि जमीन यांतील अंतर मोजण्याचे एक गणितही आज रूढ आहे. दोहोंच्या उजळपणाचे गुणोत्तर काढतात. पांढऱ्यावर काळे, हे सर्वाधिक: २१ ला १. संगणकाच्या पडद्यावरील साध्या मजकुरास ते निदान ४.५ ला १ असावे आणि मोठ्या अक्षरांस ३ ला १, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २००८ सालापासून आहे. या मापाने शुद्ध निळ्यावर पांढरी अक्षरे घातली तर ८.५९ येतात, डायझोवाल्यांचा निळा का टिकला, याचा उलगडा येथे होतो. शुद्ध हिरव्यावर पांढरी घातली तर केवळ १.३७, आणि पांढऱ्यावर पिवळी घातली तर १.०७, म्हणजे अक्षर असून नसल्यासारखे. हिरव्यावर तांबडे २.९१, ज्यांना तांबडा-हिरवा भेद दिसत नाही त्यांचे तर त्यावर फारच हाल होतात.

देवनागरीच्या बाबतीत हा विचार अधिकच काटेकोर हवा. आपल्या लिपीत अर्थ ठिपक्यांत आणि मात्रांत राहतो. अनुस्वार गेला तर ‘अंत’ हा ‘अत’ होतो, एक मात्रा पुसट झाली की ‘मोर’ चा ‘मार’ होतो. गडद जमिनीवरील पांढरे अक्षर डोळ्याला आहे त्याहून जाड भासते आणि त्याच्या पोटातील पोकळ्या बुजू लागतात. जोडाक्षरांची तेथे गर्दी होते. टेकमध्ये देवनागरी प्रथम आणली ती फ्रान्स वेल्टहाऊस यांनी १९९१ साली, आणि २००४ साली निघालेल्या झीटेकने युनिकोडची अक्षरे थेट वापरण्याची वाट मोकळी केली. १९१८ साली मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी केलेली लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली, तिच्यापाठोपाठ गुंजाळा गोंडी २०१८ साली. येथील मुलाला उद्या आपल्या भाषेची स्लाईड आपल्या लिपीत करता येईल. त्या अक्षरांना वाचनीय जमीन देणे आता त्याच्याच हाती आहे.

येथे आम्ही ‘जमीन’ या शब्दाच्या दुसऱ्या वजनाकडे येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत हिरवा रंग रानासाठी, पिवळा पिकाऊ शेतीसाठी, निळा पाण्यासाठी ठरलेला आहे. ज्या मुलुखात हिरव्या आणि पिवळ्यातील सीमारेषेवर पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली, तेथे जमिनीचा रंग निव्वळ शोभेचा राहत नाही. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी दावे केले. दावा म्हटला की नकाशा आला, याद्या आल्या, आणि आता पुष्कळ ठिकाणी त्या भिंतीवर प्रकाशाने दाखविल्या जातात.

अशा सभेची कल्पना करा. ती भरते दिवसा, उघड्या दारांच्या समाजमंदिरात. सादर करणाऱ्याने शहरातील अंधाऱ्या दालनासाठी केलेली गडद जमिनीची स्लाईड तेथे लावली, तर काय होईल? आपण वर पाहिले की पडद्यावर काळा रंग नसतो, प्रकाशाचा अभाव असतो. दारातून ऊन आले की तो अभाव भरून निघतो. काळी जमीन राखाडी होते आणि अक्षरे तीत विरून जातात. तेथे पांढरी जमीन आणि काळी अक्षरेच टिकतात. उलट झाडीपट्टीच्या रात्री, मोकळ्या शेतात, तीच पांढरी जमीन डोळ्यांत खुपेल. पुन्हा, सभेनंतर त्याच स्लाईडच्या झेरॉक्स काढून वाटल्या जातात; गडद जमिनीची झेरॉक्स म्हणजे शाईचा काळा चौकोन. आणि साऱ्या मालिकेलाच हिरवी जमीन दिली असेल, तर मधल्या नकाशातील हिरवे काय सांगते आणि शोभेचे हिरवे काय, हे माणसाने कसे ओळखावे? आपल्या गावाची सीमा जीवर काढली आहे ती स्लाईड मागच्या ओळीतील म्हातारीला दिसली नाही, तर तिच्या होकाराला अर्थ काय उरला?

म्हणून आमचे म्हणणे असे की, एका स्लाईडची जमीन बदलणे हा श्रोत्याला दिलेला शब्द आहे: येथे काही बदलले, लक्ष द्या. प्रकरण संपून नवे सुरू झाले, एखादा इशारा आला, नकाशा आला, तर तो शब्द जरूर द्यावा. तीस स्लाईडच्या मालिकेत असे दोन-तीन प्रसंग येतात. बाकीच्यांची जमीन एकच असू द्यावी. बदलताना अक्षरेही बदलावी, गुणोत्तर पाहावे, आणि कंस मिटावयास विसरू नये. सभा भरण्यापूर्वी एकदा त्या खोलीत, त्याच वेळेच्या उजेडात, शेवटच्या ओळीत जाऊन बसावे आणि आपली स्लाईड आपण वाचून पाहावी. वडशाकडील गावकरी नाटकाआधी रंगमंचाकडे पाहून उतार बरोबर झाला की नाही ते ठरवितात. आपल्याला तर कुदळही हाती घ्यावयाची नाही.